पेन ड्राइव्हवर आयएसओ आहे, तरी संगणक सुरू का होत नाही?

प्रश्न : माझ्या जुन्या लॅपटॉपवर विंडोज १० आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी त्या प्रणालीचा नेहमीचा आधार संपल्यामुळे मी लिनक्स मिंट ही मोफत संगणक प्रणाली बसवायचे ठरवले. आयएसओ फाइल उतरवून घेतली आणि पेन ड्राइव्हवर कॉपी केली. परंतु लॅपटॉप त्यावरून सुरूच होत नाही. फाइल खराब असेल का? – एक वाचक, सांगली

उत्तर : फाइल बहुधा ठीक असावी; कॉपी करण्याचा मार्ग मात्र चुकला आहे. आयएसओ ही एका संपूर्ण डिस्कची प्रतिमा असते. लॅपटॉप सुरू होताना त्यातील युईएफआय ही मूळ प्रणाली पेन ड्राइव्हवर ‘ईएफआय’ नावाच्या फोल्डरमध्ये बूट लोडर, म्हणजे प्रणाली सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम, शोधते, आणि आपल्या पेन ड्राइव्हवर तिला केवळ एक मोठी बंद फाइल दिसते, जी उघडून पाहण्याचे काम ती करीत नाही. म्हणून ही प्रतिमा रुफस किंवा बलेना एचर यांसारख्या मोफत साधनाने पेन ड्राइव्हवर ‘लिहावी’ लागते. आठ जीबीचा पेन ड्राइव्ह पुरेसा आहे. त्यावरील सर्व मजकूर पुसला जाईल, हे ध्यानात ठेवून आधी तो रिकामा करून घ्यावा.

लिहिण्यापूर्वी फाइल तपासणे बहुतेक जण टाळतात, आणि माझ्या मते तेच टाळू नये. २० फेब्रुवारी २०१६ रोजी लिनक्स मिंटच्याच संकेतस्थळात घुसखोरी झाली आणि १७.३ सिनॅमन आवृत्तीचा दुवा छुपे दार ठेवलेल्या बनावट आयएसओकडे वळवण्यात आला होता. विंडोजमधील ‘सर्टयुटिल’ या आज्ञेने फाइलची एसएचए-२५६ बेरीज, म्हणजे चौसष्ट चिन्हांची ओळख, काढता येते; ती संकेतस्थळावर दिलेल्या बेरजेशी तंतोतंत जुळली पाहिजे. उतरवताना फाइल बिघडली असेल तर तेवढ्यावरच कळते. मात्र घुसखोर छापलेली बेरीजही बदलू शकतो, त्यामुळे बेरजांच्या फाइलवरील जीपीजी स्वाक्षरी, म्हणजे ती फाइल मूळ निर्मात्यांचीच असल्याची डिजिटल खूण, पडताळणे, जरी थोडे किचकट असले तरी, अधिक भरवशाचे.

रुफसने लिहिण्याची पद्धत विचारल्यास त्याने सुचवलेली आयएसओ पद्धत ठेवावी. एचर वापरल्यास विंडोज तो पेन ड्राइव्ह ओळखता येत नसल्याचे सांगून फॉरमॅट करण्यास सुचवू शकते. तिथे नकार द्यावा. मग लॅपटॉप सुरू करताना बूट मेनूची, म्हणजे कोणत्या डिस्कवरून सुरू व्हायचे ते निवडण्याच्या यादीची, कळ दाबावी, जी अनेक डेल व लेनोव्हो यंत्रांवर एफ१२, तर एचपीच्या बऱ्याच यंत्रांवर एफ९ असते.

मिंट प्रथम पेन ड्राइव्हवरूनच चालते, हार्ड डिस्कला हात न लावता. वाय-फाय, आवाज आणि टचपॅड तिथेच तपासून पाहावे, आपल्या कामाच्या फाइलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवावी आणि त्यानंतरच स्थापनेचे चिन्ह उघडावे.