चहा लाटे घरी करताना

अगं, चहा लाटे म्हणजे कडक चहावर फेसाळ दूध. नेहमीच्या चहासारखं सगळं एकाच पातेल्यात उकळू नकोस, तिथेच बिघडतं. आधी अर्ध्या कप पाण्यात ठेचलेलं आलं नि 2 वेलच्या खळखळून उकळव. कच्चं आलं थेट दुधात पडलं की दूध फाटतं. ऐन पावसात माझं दोनदा फाटलंय. मग 2 चमचे आसाम सीटीसी (दाणेदार चहा पावडर) घालून 3 मिनिटं झाकून ठेव. साखरही यातच. हा कोरा चहा कडकच हवा, वरून पाऊण कप दूध येणार आहे.

तापवलेल्या दुधावरची साय काढ आणि ते पुन्हा साधारण 65 अंशांपर्यंतच गरम कर, कडेला बारीक बुडबुडे दिसेपर्यंत. फेसासाठी यंत्र कशाला? दादरला छोटी लाकडी रवी मिळते. उंच भांड्यात, तळव्यांमध्ये भराभर फिरव. फेस दाट, मऊ येतो. गाळलेल्या कोऱ्या चहात दूध हळूच ओत, फेस शेवटी चमच्याने.