ते स्क्रीनशॉट कोणासाठी ठेवलेस?

"ताई, बायकांच्या हक्कांवरच्या एका फेसबुक ग्रुपची मी अ‍ॅडमिन आहे. एका दलित मेंबरने ऑफिसातल्या त्रासावर पोस्ट टाकली, खाली काही जणांनी तिला जातीवरून घाण शिव्या दिल्या, तेव्हा ती आम्हा बायकांनाच विचारायला लागली की तुम्ही गप्प का. वाद नको म्हणून मी सगळा थ्रेडच उडवला. (स्क्रीनशॉट आहेत माझ्याकडे, उद्या कोणी काही आरोप केले तर.) आता ती ग्रुप सोडून गेली आणि लोक मलाच जातीयवादी म्हणतायत. मी कधी जात बघितली नाही हो. झोप लागत नाही."

अगं, एवढ्या पत्रात कामाचं वाक्य एकच आणि ते तू कंसात टाकलंस. तिला पडलेल्या शिव्या ग्रुपवरनं पुसल्यास आणि कॉपी ठेवलीस ती स्वतःला वाचवायला! तुझ्या झोपेचं नंतर बघू.

तू जात बघत नाहीस, बरं, पण शिव्या देणारे बघतात ना. अ‍ॅम्नेस्टी या मानवी हक्क संघटनेने २०१९ च्या निवडणुकीच्या वेळचे ९५ महिला राजकारण्यांना आलेले ट्वीट तपासले होते, बाई म्हणून घाण सगळ्यांनाच होती, पण मागास जातींतल्या बायकांना जातीवरून होणारी शिवीगाळ इतरांपेक्षा ५९ टक्के जास्त निघाली. तुला 'घरी बस' म्हणणारा तिला तेही म्हणतो आणि वर जात काढतो, आणि ती हे बोलली की आपल्याच बायका म्हणणार वाद नको.

हा नुसता वाद नाहीये, अ‍ॅट्रॉसिटीचा गुन्हा होऊ शकतो. चारचौघांत जातीवरून शिवी दिली तर तो कायदा लागतो आणि इंटरनेट म्हणजे चारचौघांतच, असं केरळ हायकोर्टाने २०२२ मध्ये म्हटलंय. तक्रार करायची की नाही ते ती ठरवेल, पण करायची झाली तर पुरावा तुझ्या फोनमध्ये अडकलाय, आणि कोर्टात भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं, म्हणजे फोनमधला हा पुरावा खरा आहे असं लिहून देणारं, सर्टिफिकेटही बहुतेक तुलाच द्यावं लागेल.

तर आज रात्रीच सगळे स्क्रीनशॉट तिला पाठव, क्रॉप न करता, नावं, तारीख, वेळ दिसेल असे. खाली एवढंच लिही की लागेल तिथे सही करीन, जबाब द्यायला येईन. 'माझा हेतू तसा नव्हता' वगैरे एक अक्षर नको. उत्तर नाही आलं तर मागे लागू नकोस, पण फोनमधलं काही डिलीट करायचं नाही.