पत्रात आहे ते बायोडेटात का नाही?

प्रश्न : ताई, नमस्कार. मी शिरूरकडचा. मेकॅनिकलचा डिप्लोमा झालाय. चाकणला एका कारखान्यात वर्षभर क्वालिटीला अप्रेंटिस होतो. आता भोसरीत मित्रांबरोबर खोली घेऊन राहतो. रोज पोर्टलवर अर्ज टाकतो, पण फोन येत नाहीत. दोन ठिकाणी मुलाखत झाली, तिथे इंग्रजीत स्वतःबद्दल सांगा म्हटल्यावर गाडी अडली. अनुभव असा फारसा नाही. जेवणाच्या सुट्टीनंतरचे पहिले चार-पाच पार्ट बोअरला, म्हणजे आतल्या भोकाच्या मापाला, नापास होतात, हे मी एकदा सुपरवायझरना दाखवलं होतं, तेवढंच. बायोडेटा सोबत जोडलाय. काय करू? — वाचक, भोसरी

उत्तर : तुझं पत्र आणि तुझा बायोडेटा दोन्ही वाचले, आणि ही दोन वेगवेगळी मुलं आहेत असं वाटलं. बायोडेटातला मुलगा 'हार्डवर्किंग' आहे, 'टीम प्लेयर' आहे, त्याला 'चॅलेंजिंग' वातावरणात काम करायचंय. असे कागद भरतीच्या टेबलावर ढिगाने येतात. पत्रातला मुलगा मात्र सुट्टीनंतरचे पार्ट बाजूला काढून मोजतो आणि सुपरवायझरना नेऊन दाखवतो. मला त्याला बोलवावंसं वाटतं. मग तो बायोडेटात का नाही?

'तेवढंच' म्हणून तू जे एका ओळीत उरकलंस, त्यावर क्वालिटीचा माणूस अर्धा तास बोलेल. मशीन सुट्टीत थांबतं, स्पिंडल म्हणजे फिरणारा दांडा गार होतो, सुरू झाल्यावर तो तापेपर्यंत माप सरकत राहतं. हे कारण तुला तेव्हा माहीत होतं की नंतर कळलं? तू दाखवल्यावर पुढे काय झालं? मशीन थोडा वेळ रिकामं फिरवून मग पहिला पार्ट लावायला लागले का? की ऑफसेट, म्हणजे मशीनला दिलेली मापाची दुरुस्ती, बदलली? हे सगळं आठवून तीन ओळींत लिही आणि बायोडेटाच्या वरच्या अर्ध्या भागात टाक. रिजेक्शन किती टक्क्यांनी कमी झालं ते आठवत नसेल तर ओढूनताणून आकडा घालू नकोस. खोटा आकडा दुसऱ्याच प्रश्नाला उघडा पडतो, आणि मग खऱ्या गोष्टीवरही कुणी विश्वास ठेवत नाही.

त्याखाली तू हाताळलेली मापाची साधनं नावानिशी लिही : व्हर्नियर, मायक्रोमीटर, बोअर गेज, हाइट गेज, जे खरंच वापरलंस तेवढंच. पोर्टलवर भरती करणारी माणसं असेच शब्द टाकून शोधतात. नुसतं 'क्वालिटी नॉलेज' लिहिलेला उमेदवार त्या शोधात वर येत नाही. वडिलांचा व्यवसाय, धर्म, छंद काढून टाक, जागा मोकळी होईल. अप्रेंटिसशिपचं प्रमाणपत्र मिळालं असेल तर त्याचा उल्लेख ठळक हवा.

आता मुलाखतीचं. मी भोसरीतल्या एका कारखान्यात भरती बघायचे, तेव्हा आमचे क्वालिटी मॅनेजर उमेदवारासमोर एक बुश, म्हणजे नळीसारखा छोटा गोल पार्ट, आणि व्हर्नियर ठेवायचे आणि म्हणायचे, "बाहेरचा व्यास सांग." बहुतेक मुलं घाईने बुश जबड्यात धरून आकडा सांगून मोकळी व्हायची. एखादा मुलगा आधी जबडे पुसायचा, ते मिटवून शून्याला शून्य जुळतंय का ते बघायचा, मग माप घ्यायचा, आणि बुश थोडं फिरवून परत एकदा घ्यायचा. साहेब तेव्हाच माझ्याकडे बघायचे. पुढे त्या मुलाने इंग्रजीत चार चुका केल्या तरी कुणी मोजत बसायचं नाही. तुला हे जमतं, तुझ्या पत्रावरून कळतंय.

इंग्रजीची भीती मी कमी लेखत नाही. पण सगळं भाषण पाठ करू नकोस, मध्येच एक शब्द विसरला की पूर्ण गाडी घसरते. नाव-गाव, शिक्षण, अप्रेंटिसशिप, आणि तो बोअरचा किस्सा, अशी पाच-सहा साधी वाक्यं तयार ठेव आणि खोलीतल्या मित्रांसमोर मोठ्याने बोल. पुढचा प्रश्न अवघड गेला तर सरळ विचार, "सर, मराठीत सांगितलं तर चालेल का?" चाकण-भोसरीत कारखान्यात दिवसभर मराठी आणि हिंदीच चालते, समोरच्याला ते ठाऊक असतं.

आणि त्या सुपरवायझरना फोन कर. अजून केला नसशील तर आज कर. चाकण, तळेगाव, रांजणगावच्या मोठ्या कंपन्यांना माल पुरवणारे कितीतरी लहान कारखाने आहेत, त्यांच्या जागा पोर्टलवर येण्याआधीच ओळखीतून भरतात. यात लाजण्यासारखं काही नाही, तू भीक मागत नाहीयेस, ज्यांनी तुझं काम पाहिलंय त्यांच्याकडे शब्द मागतोयस. काँट्रॅक्टरमार्फत बोलावलं तर पगार कुणाच्या नावावर निघणार आणि पीएफ भरला जाणार का, हे रुजू व्हायच्या आधी विचार.

प्रश्न : हिंजवडीतल्या एका मोठ्या कंपनीच्या नावाने निवड झाल्याचा मेल आलाय. लॅपटॉपचं डिपॉझिट म्हणून 8,500 रुपये भरायला सांगताहेत, पहिल्या पगारात परत मिळतील म्हणे. मुलाखत फक्त चॅटवर झाली. भरू का? — वाचक, वाकड

उत्तर : भरू नका. नोकरी देणारी कंपनी उमेदवाराकडून पैसे घेत नाही, डिपॉझिट म्हणून नाही आणि ट्रेनिंगची फी म्हणूनही नाही. मेल कुठल्या पत्त्यावरून आलाय ते नीट बघा, मग कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरचा नंबर शोधून तिथे स्वतः विचारा. मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नव्हे. आधार, पॅनचे फोटो पाठवणं आत्ताच थांबवा. पैसे गेले असतील तर लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करा, जितक्या लवकर कराल तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.

प्रश्न : मी बी.कॉम. 2015 ते 2019 अकाउंट्समध्ये नोकरी केली, मग बाळंतपण आणि सासूबाईंचं आजारपण यात घरीच राहिले. आता मुलगी शाळेत जाते. मुलाखतीत गॅपबद्दल विचारलं की मी ओशाळते. मधल्या काळात सोसायटीचे हिशेब सांभाळण्यापलीकडे काही केलं नाही. — वाचक, कोथरूड

उत्तर : माझ्या बायांनो, हे 'पलीकडे काही केलं नाही' किती वेळा वाचायचं मी! सोसायटीचा मेंटेनन्स गोळा करणं, थकबाकीदारांच्या मागे लागणं, बँकेशी ताळा घालणं, ऑडिटरसमोर व्हाउचर मांडणं, हे अकाउंट्सचंच काम आहे. सदनिका किती, हिशेब टॅलीत ठेवला की एक्सेलमध्ये, ऑडिट कुणी केलं, हे तारखांसकट बायोडेटात मांडा. पगार नव्हता म्हणून काम नव्हतं असं होत नाही.

दुसरं म्हणजे, 1 जुलै 2017 ला जीएसटी आला तेव्हा तुम्ही टेबलावर होतात. व्हॅट-एक्साइजमधून जीएसटीत जातानाची धांदल तुम्ही निभावली, हे आवर्जून सांगा. मात्र तुम्ही सुटल्यानंतर बरंच बदललंय, आणि तुमची खरी तयारी इथे लागणार आहे. टॅलीची जागा टॅलीप्राइमने घेतली. ई-इन्व्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवायचं बिल, 2020 मध्ये फक्त बड्या कंपन्यांना होतं, 1 ऑगस्ट 2023 पासून ते 5 कोटींवरच्या उलाढालीला लागू झालं. इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट, आता जीएसटीआर-2बी मध्ये (पुरवठादारांनी भरलेल्या बिलांवरून पोर्टलवर तयार होणारं पत्रक) दिसेल तेवढंच घेता येतं. 22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटीचे दरही बदलले. ओळखीच्या एखाद्या सीएंच्या ऑफिसात थोडे दिवस बसून खरेदीची बिलं 2बीशी जुळवायला शिका. लहान कारखान्यांना नेमकी हेच काम करणारी माणसं हवी असतात.

गॅपचं उत्तर दोन वाक्यांत द्या. "मुलगी लहान होती आणि घरात आजारपण होतं, आता दोन्ही मार्गी लागलंय. त्या काळात सोसायटीचे हिशेब बघितले आणि 2बीचं काम शिकून आलेय." बस. खाली मान घालू नका, आणि घरची अधिक कहाणी सांगत बसू नका. आजारी माणसाचं करणं ही काही माफी मागायची गोष्ट नाही. सुटताना 'रिलीव्हिंग लेटर' (नोकरीतून मोकळं केल्याचं पत्र) घेतलं होतं का ते मात्र शोधून ठेवा. नसेल तर जुन्या ऑफिसला आत्ताच मेल टाका, ऐनवेळी धावपळ नको.

प्रश्न : 4 लाख 20 हजारांचं ऑफर लेटर आलंय. म्हणजे महिन्याला 35 हजार हातात ना? त्या हिशेबाने बाणेरला फ्लॅट बघतोय. — वाचक, सध्या मुक्काम पेठेत

उत्तर : फ्लॅटवाल्याला टोकन देऊ नका, आधी पत्राचं शेवटचं पान उघडा. समजा बेसिक महिना 17,500 आहे आणि 10 टक्के 'व्हेरिएबल' आहे. ते 42 हजार वर्षाअखेरीस, कामगिरीवर. कंपनीचा पीएफचा वाटा बेसिकच्या 12 टक्के धरला तर वर्षाचे 25,200, ग्रॅच्युइटी 4.81 टक्क्यांनी साधारण 10,100, हे दोन्ही त्याच 4 लाख 20 हजारांत मोजलेलं असतं. उरले महिन्याला साडेअठ्ठावीस हजार. त्यातून तुमचा स्वतःचा पीएफ 2,100 आणि व्यवसाय कर 200 गेला की हातात 26 हजारांच्या आसपास. विम्याचा हप्ता कापत असतील तर आणखी कमी. तुमच्या पत्रातले आकडे वेगळे असतील, पण रीत हीच. एचआरला मेलवर विचारा, "महिन्याला बँकेत किती जमा होतील?" हा प्रश्न रास्त आहे, त्याने ऑफर मागे जात नाही.

सध्याच्या नोकरीचा नोटिस पीरियड किती आहे ते तुम्ही कळवलं नाहीत. 90 दिवसांचा असेल आणि नवीन ठिकाणी महिन्याभरात बोलावत असतील, तर उरलेल्या दिवसांचे पैसे कोण भरणार हे लेखी ठरल्यावरच राजीनामा द्या.