झाडपाल्यात शिसं कुठून आलं?

प्रश्न : आम्ही सिडकोत राहतो. वडील 61 वर्षांचे, मधुमेही. पंचवटीतल्या एका वैदूच्या पुड्या वर्षभर घेतायत. साखर मुळापासून जाते म्हणे. दिवाळीपासून पोटात पिळवटून दुखतं, शौचाला होत नाही, हिमोग्लोबिन 8.4 वर आलंय. सोनोग्राफी, एंडोस्कोपी सगळं नॉर्मल. शेवटी एका डॉक्टरांनी रक्तातलं शिसं तपासायला लावलं, ते 68 आलं. वडील ऐकत नाहीत. म्हणतात, झाडपाल्यात शिसं कुठून येणार? आणि वैदू तर घरच्यासारखे.
– एक वाचक, नाशिक

उत्तर : झाडपाल्यात नसेल, पण पुडीत असू शकतं. मधुमेहावर नागभस्म द्यायची जुनी रीत आहे, आणि नाग म्हणजेच शिसं. तशीच औषधांत पडणारी कज्जली नावाची काळी भुकटी, तिच्यात पारा; आणि हरताळ नावाचं पिवळं खनिज, त्यात आर्सेनिक. ग्रंथांत हे उघड लिहिलेलं आहे, त्यात चोरी नाही. पण परवानाधारक कंपनीच्या डबीवर घटक छापावे लागतात, विषारी द्रव्य असेल तर वैद्यकीय देखरेखीखालीच घ्या अशी सूचनाही. वर्तमानपत्राच्या कपट्यात बांधलेल्या करड्या पुडीवर यातलं काय असतं? घरच्याच माणसाला 'यात काय घातलंय' विचारायला संकोच कसला!

प्रौढांत डेसिलिटरला 5 मायक्रोग्रॅम शिसं आढळलं तरी ते कुठून येतंय हे शोधावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तुमच्याकडे 68 आहे, आणि पोटदुखी, बद्धकोष्ठ, रक्त कमी होणं ही सगळी त्याचीच लक्षणं. उजेडात वडिलांच्या हिरड्या बघा. दातांच्या कडेनं निळसर काळी रेघ दिसली तर ती ब्रशनं जाणारी नव्हे. नसली, तरी रिपोर्ट खोटा ठरत नाही.

पुडी आजच बंद. शिसं बाहेर काढणारी औषधं आहेत, पण ती द्यायची की नाही हे डॉक्टर ठरवतील. घरी 'डिटॉक्स'चे काढे नकोत. शिसं हाडांत वर्षानुवर्षं मुरतं आणि तिथून पुन्हा रक्तात उतरतं, त्यामुळे तपासणी परत परत करावी लागेल. उरलेल्या पुड्या टाकू नका. त्या तपासता येतात, अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रारही करता येते. आई गुडघ्यांसाठी त्याच वैदूकडून काही घेत असेल, तर तिचंही रक्त तपासा.

एक गोष्ट मात्र विसरू नका. अशा पुड्यांत साखरेच्या ॲलोपॅथीच्या गोळ्या कुटून घातलेल्याही सापडल्या आहेत. पुडी थांबली की साखर उसळू शकते. पहिल्या दिवसापासून ग्लुकोमीटरवर उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर बघा, आणि आकडे लिहून डॉक्टरांना दाखवा.