शेळ्यांना दोन जंतनाशकं एकाच वेळी दिली तर चालतात का?

चालतात, पण दोन्ही वेगळ्या गटांतली हवीत. अल्बेंडाझोल पाजूनही शेळ्या खंगताहेत, जबड्याखाली सूज येतेय, म्हणून जोडीला फेनबेंडाझोल देऊ का, असं तुम्ही विचारलंय. ते देऊ नका. दोन्ही एकाच गटातली आहेत. एकाला न जुमानणारा जंत बहुधा दुसऱ्यालाही जुमानत नाही. आयव्हरमेक्टिन आणि डोरामेक्टिनचंही तेच. जोडी लावायची ती अल्बेंडाझोल आणि लेव्हामिसोलची, गरज पडली तर तिसरं आयव्हरमेक्टिन.

जोडीचा फायदा हिशेबात दिसतो. पोटात 1000 जंत आहेत आणि प्रत्येक औषध 80 टक्के मारतं असं धरा. पहिल्यातून 200 वाचतात, दुसऱ्यातून त्यातले 40. पण दोन्ही औषधं 50 टक्क्यांवर आलेली असतील तर 250 उरतात, आणि तेही दोन्ही पचवलेले. म्हणून जोडी लवकर सुरू करावी. औषधं निकामी झाल्यावर एकत्र करून फारसं हाती लागत नाही.

प्रत्येक औषधाचा डोस पूर्ण द्यायचा. दोन आहेत म्हणून अर्धा-अर्धा करणं सगळ्यात घातक. शेळीचं शरीर औषध मेंढीपेक्षा लवकर बाहेर टाकतं, त्यामुळे मेंढीचा डोस तिला पुरत नाही: अल्बेंडाझोल किलोला साधारण 15 मिलिग्रॅम, लेव्हामिसोल 12, आयव्हरमेक्टिन तोंडावाटे 0.4. म्हणजे 30 किलोच्या शेळीला अल्बेंडाझोल 450 मिलिग्रॅम, बाटली 2.5 टक्क्यांची असेल तर 18 मिली. लेबलवर बहुतेक वेळा मेंढीचाच डोस असतो, म्हणून आकडे पशुवैद्यकांकडून पक्के करून घ्या. वजन काट्यावरच करा. लेव्हामिसोल जरा जास्त झालं तरी लाळ गळते, अंग थरथरतं, जनावर दगावूही शकतं. गाभणपणाच्या पहिल्या महिन्यात अल्बेंडाझोल नको, शेवटच्या दिवसांत लेव्हामिसोल नको.

औषधं एका बाटलीत मिसळू नका, प्रत्येकासाठी वेगळी पिचकारी ठेवा. एक पाजून लगेच दुसरं. आज एक आणि पंधरवड्याने दुसरं दिलं तर वरचा हिशेब लागू होत नाही. नळी जिभेच्या मागच्या भागावर न्या. औषध तोंडात पुढेच सांडलं तर ते रुमेन (पहिलं मोठं पोट) चुकवून थेट पुढे जाण्याची शक्यता असते आणि असर घटतो. दूध-मांस न वापरण्याचा काळ दोन्हींपैकी ज्याचा जास्त असेल तो धरा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि मालकांना पटायला जड जाणारं: सगळ्या कळपाला पाजू नका. डोळ्याची खालची पापणी उलटून बघा. लाल-गुलाबी असेल तर ती शेळी सोडा. फिकट-पांढरी असेल, सूज असेल, करडू अशक्त असेल, तर पाजा. न पाजलेल्या शेळ्यांमधून औषधाला बळी पडणारे जंत कुरणात टिकून राहतात आणि वाचलेल्या कणखर जंतांची पैदास त्यांच्यात मिसळून विरळ होते. पापणीची ही खूण फक्त रक्त पिणाऱ्या हिमोंकस जंतासाठी आहे. यकृतातल्या चपट्या कृमींवर आयव्हरमेक्टिन चालत नाही, त्यांचं औषध पशुवैद्यकांना विचारा.

निकाल अंदाजाने ठरवू नका. पाजायच्या दिवशी 10-15 शेळ्यांच्या लेंड्या थेट गुदद्वारातून घ्या, 14 दिवसांनी त्याच शेळ्यांच्या पुन्हा घ्या आणि दोन्ही वेळच्या लेंड्यांतली जंतांची अंडी मोजून घ्या. घट 95 टक्क्यांच्या खाली असेल तर त्या जोडीवर यापुढे भिस्त ठेवू नका. विकत आणलेल्या शेळ्यांना मात्र सरसकट जोडी पाजा, दोन दिवस गोठ्यातच ठेवा आणि 14 दिवसांची तपासणी होईपर्यंत कळपात मिसळू नका.