दोन नावं, एकच हाक

नवरा अमेरिकेच्या दक्षिणेतल्या टेनेसीचा, बाळ जुलैत येणार, मुलगी आहे हे कळलंय, आणि सासूबाईंना नात 'मेरी बेथ'सारख्या दोन नावांची हवी. तुझ्या यादीत मीरा केट, लीला अ‍ॅन आणि अ‍ॅना सई. यातलं कुठलं, आणि फॉर्मवर दुसरं नाव मधल्या रकान्यात घालायचं की पहिल्याच, हा तुझा प्रश्न. मी जॉर्जियात 22 वर्षं काढली आहेत आणि माझी स्वतःची मुलगी दोन नावांची आहे, तेव्हा उत्तर जरा लांबणार.

आधी हे ठरव की हाक दोन्ही नावांनी मारणार आहात का. आपल्याकडे मधलं नाव बापाचं. ते फॉर्मवर आणि लग्नपत्रिकेत दिसतं, एरवी त्याला कोणी विचारत नाही. इथलं दुसरं नाव रोजच्या तोंडातलं असतं. मेरी बेथला नुसतं 'मेरी' म्हणून बघ, ती वळणारसुद्धा नाही. तुम्ही घरी 'मीरा'च म्हणणार असाल तर केटला खुशाल मधल्या रकान्यात बसव आणि सासूबाईंना तसं आत्ताच सांगून टाक.

ही पद्धत का पडली? एक साधं कारण म्हणजे मेरींचा सुकाळ. 1880 पासून 1946 पर्यंत अमेरिकेत मुलींच्या नावांत मेरी सलग पहिली होती. आपल्याकडे एकाच वाड्यात थोरली कमल आणि धाकटी कमल असायची, तसं इथे मेरी लू, मेरी अ‍ॅन, मेरी जो. शिवाय दोन्हीकडच्या आज्यांचं मन एकाच नातीत राखता येतं, हे काय कमी आहे? दुसरं नाव लांब असलं की ते छाटतात. टेक्सासच्या सौंदर्यप्रसाधनवाल्या मेरी के अ‍ॅश मूळच्या मेरी कॅथलिन. गोव्यातल्या कॅथलिक घरांतही मारियापुढे दुसरं नाव असतं, पण तिथे बऱ्याचदा मारिया कागदावर राहते आणि हाक दुसऱ्याने मारतात.

आता तुझी यादी. मागच्या दारात उभी राहा आणि अंगणात खेळणाऱ्या मुलीला बोलावतेस अशी मोठ्याने हाक मार. पहिलं नाव झुलतं हवं आणि दुसरं एका ठोक्यात संपणारं. बेथ, ग्रेस, रोज, जो ही नावं त्यामुळेच टिकली. 'लीला अ‍ॅन' तिसऱ्या हाकेला 'लीलॅन' होईल, कारण आ ला अ‍ॅ चिकटतो. 'अ‍ॅना सई' मला कानाला फार गोड लागतं, पण इंग्रजी स्पेलिंग वाचून इथे सगळे 'साय' म्हणणार, आणि दक्षिणेत 'आय'चा 'आऽ' होतो, म्हणजे पोरगी शेवटी 'अ‍ॅना साऽ'. शिवाय इथे 'न'च्या आधीचा 'ए' आणि 'इ' एकच. माझ्या ऑफिसात लिहायचं पेन हवं असेल तर मुद्दाम 'इंक पेन' म्हणतात, नाहीतर समोरचा टाचणी देईल. रेणू नावाचा विचार करत असशील तर ती रिनू होणार हे धरून चाल.

मीरा केटबद्दल मात्र गंभीरपणे सांगते. विमानाच्या तिकिटावर दोन नावांतली मोकळी जागा बहुतेक वेळा उडते. 'मीराकेट' हे इंग्रजी अक्षरांत सलग लिहून बघ. मीरकॅट! तो मुंगसासारखा, दोन पायांवर उभा राहणारा प्राणी. चौथीतल्या पोरांच्या हे लक्षात यायला एक दुपार पुरेल.

रकान्याचं उत्तर: दोन्ही नावं पहिल्याच रकान्यात, मध्ये जागा सोडून. हायफन नको, काही ठिकाणी घेतात, काही ठिकाणी गाळतात, मग कागद जुळत नाहीत. सोशल सिक्युरिटीवाले, म्हणजे इथलं सरकारी पेन्शन खातं, बाळांच्या नावांची आकडेवारी काढतात तेव्हा जागा आणि हायफन दोन्ही काढून नाव सलग धरतात, त्यामुळे त्यांच्या यादीत मेरी बेथ शोधायची तर 'मेरीबेथ' बघावं लागतं. आम्ही दुसरं नाव मधल्या रकान्यात घातलं होतं. बालवाडीचा पहिला दिवस. हजेरीत फक्त पहिलं नाव. बाईंनी दोनदा पुकारलं, आमची ठकी समोर गालिच्यावर मांडी घालून ढिम्म. गैरहजर! साडेदहाला मला रेकॉर्ड केलेला फोन, तुमचं मूल आज शाळेत आलेलं नाही. गाडी चालवत शाळेत पोचेपर्यंत माझं काय झालं असेल ते सांगत नाही. घरी आल्यावर तिला विचारलं तर म्हणाली, "ते माझं नाव नव्हतं."

आद्याक्षरंही तपास. इथे बाळाच्या दुपट्यापासून दप्तरापर्यंत सगळ्यावर ती भरतात, बहुधा आडनावाचं अक्षर मोठं करून मध्ये. समज अ‍ॅना सईचं आडनाव 'एस'वरून असलं, तर जे काही दप्तरावर येईल ते इंग्रजीत लिहून बघ आणि हसून घे.

एक गोष्ट तुझ्या सासूबाईंनी कदाचित मुद्दामच सांगितली नसेल. आईचं माहेरचं आडनाव मुलीला दुसरं नाव म्हणून देणं ही इथली जुन्या घराण्यांतली पक्की रीत आहे. मेरी वॉकर, अ‍ॅना ब्रूक्स अशी नावं त्यातूनच येतात. तुझं माहेरचं आडनाव आखूड असेल तर तोही हक्क तुझाच. आमच्या मुलीचं दुसरं नाव शेजारच्या आजींचं आहे. माझ्या बाळंतपणात त्यांनी 6 आठवडे एक दिवसाआड कॅसरोल, म्हणजे ओव्हनमध्ये एकाच भांड्यात केलेलं जेवण, आणून दिलं होतं, माझी आई व्हिसासाठी मुंबईत अडकलेली असताना.

मीरा सोडवत नसेल तर केट सोड. मीरा ग्रेस घे, मीरा रोज घे. मी असते तर मीरा रोज.

आणि बारशाला कानात नाव सांगणाऱ्या आत्याला आधी सराव दे, दोन्ही एका दमात. आमच्या नणंदेने पुण्याहून स्पीकरफोनवर सांगताना मध्ये श्वास घेतला. पाळण्याशेजारच्या काकू लगेच माझ्याकडे वळल्या, "अगं, जुळ्या आहेत का?"