बिऱ्हाड घाटावर नेताना

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

कोकण किनाऱ्यावरून पुणे, पिंपरी-चिंचवडच्या उपनगरांत संसार हलवणाऱ्यांची बरीच पत्रे या खेपेस आली. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरे दिली आहेत.

चाकण एमआयडीसीत नोकरी लागली आहे. मुलगी यंदा पहिलीत, मुलगा दीड वर्षाचा. मोशी-चिखली भागात भाड्याने घर बघतोय. आधी काय करायचे आणि नंतर काय, काही कळेनासे झाले आहे.
– एक वाचक, रत्नागिरी

आधी घराचा नोंदणीकृत करार करा. बाकीची बहुतेक कामे त्याच्या मागून येतात. आधारवरचा पत्ता, गॅस, बँक, शाळेचा अर्ज, मतदार यादीतला बदल, सगळीकडे पत्त्याचा पुरावा मागतात आणि नोटरी केलेला कागद अनेक ठिकाणी चालत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार घरभाड्याचा लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृतच असावा लागतो. नोंदणीची जबाबदारी कायद्याने मालकावर टाकली आहे, त्यामुळे ‘खर्च वाढतो, राहू द्या’ असे मालक म्हणाले तर मान डोलावू नका. खर्च तरी किती? भाडे १८,००० आणि अनामत एक लाख धरली तर ११ महिन्यांचे भाडे १,९८,००० होते. त्यात अनामतीवरचे दरसाल १० टक्क्यांचे मानीव व्याज मिळवायचे आणि एकूण रकमेच्या पाव टक्का मुद्रांक शुल्क भरायचे. ते पाचशेच्या आसपास येते. शहरी भागात नोंदणी फी १,००० रुपये. एजंटाची फी वेगळी आणि ती आधीच ठरवून घ्या. अंगठ्याचे ठसे घरी येऊन घेतात.

विसार देण्याआधी तीन गोष्टी पाहा. पहिली म्हणजे पाणी. त्याबद्दल पुढच्या उत्तरात सविस्तर लिहिले आहे. दुसरी, रोजची ये-जा. मोशी ते चाकण नकाशावर अगदी हाकेच्या अंतरावर दिसते, पण पुणे-नाशिक महामार्गावर शिफ्ट सुटायच्या वेळी त्या अंतराला काही अर्थ उरत नाही. रविवारी घर बघून भुलू नका. कामाच्या दिवशी तुमच्या शिफ्टच्या वेळेला एकदा जाऊन या. कंपनीची बस असेल तर तिचा थांबा आधी विचारा आणि घर त्या थांब्यापासून चालत जाता येईल असे घ्या. तिसरी गोष्ट कोकणातल्या माणसाला विचारायला संकोच वाटतो, पण विचाराच: घरात मासे चालतील का? करार झाल्यावर हा विषय निघाला की वर्षभर धुसफूस चालते.

मग तारीख ठरवा. राज्य मंडळाच्या शाळा जूनच्या मध्यावर सुरू होतात, सीबीएसईच्या बहुतेक एप्रिलमध्येच. मुलीची शाळा राज्य मंडळाची असेल तर मे महिना सोयीचा आणि घाटही कोरडा असतो. अडचण एवढीच की तो आंब्याचा हंगाम; टेम्पो-पिकअप पेट्यांत अडकलेले असतात आणि भाडे चढते. गाडी महिनाभर आधी ठरवा. पुण्याहून माल टाकून रिकामी परतणारी गाडी स्वस्तात मिळते खरी, पण ती ‘उद्या सकाळी’ म्हणता म्हणता परवा रात्री येते. लहान मूल घेऊन बांधलेल्या सामानात दोन दिवस काढण्यापेक्षा थोडे जास्त पैसे गेलेले बरे. जुलै-ऑगस्ट टाळा. २०२१ च्या जुलैत आंबा घाटात रस्ता खचला होता, ते रत्नागिरीकरांना सांगायला नको.

पोहोचल्यावर महिन्याभरात गाडीचा पत्ता आरटीओत बदलून घ्या. एमएच-०८ ची एमएच-१४ करावी लागत नाही, राज्य तेच असल्याने नंबर कायम राहतो. आरसीवरचा पत्ता मात्र ३० दिवसांत बदलायचा असतो. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचे ना-हरकत पत्र लागते. मतदार यादीसाठी फॉर्म ८. रेशन कोणत्याही दुकानातून उचलता येते, तेव्हा कार्ड बदलायची घाई नको.

सोसायटीत ‘पाण्याचा प्रश्न नाही’ असे एजंट सांगतो. खरे-खोटे कसे ओळखायचे?
– एक वाचक, गुहागर

एजंटाला विचारूच नका. सोसायटीच्या कार्यालयात जाऊन मार्च, एप्रिल आणि मे या तीन महिन्यांची टँकरची बिले बघायला मागा. दाखवायला कां-कूं केली तर उत्तर मिळालेच.

पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर २०१९ पासून पालिकेचे पाणी दिवसाआड येते, म्हणजे बहुतेक मोठ्या सोसायट्या नळ, बोअर आणि टँकर या तिन्हींवर चालतात. हिशेब सोपा आहे. माणशी १३५ लिटर धरले तर चौघांच्या घराला दिवसाला ५४० लिटर. शंभर घरांच्या सोसायटीला ५४,००० लिटर. टँकर साधारण १०,००० लिटरचा असतो. म्हणजे नळ आणि बोअर दोन्ही कोरडे पडले तर दिवसाला पाच-सहा टँकर. तो खर्च मेंटेनन्समध्ये येतो की वेगळा, आणि तो तुम्ही भरायचा की मालकाने, हे करारातच लिहून घ्या. बहुतेक भांडणे इथेच होतात.

दुसरी बाब पाण्याच्या जातीची. जांभ्या दगडातल्या विहिरीचे पाणी बहुधा मृदू असते. घाटावर काळ्या दगडातले बोअरचे पाणी बऱ्याचदा जड निघते. तपासायला उपकरण लागत नाही. घर बघायला जाताना झाकणाची स्वच्छ बाटली आणि अंगाच्या साबणाचा तुकडा न्या. बाटली अर्धी भरा, साबणाचा किस टाका आणि जोरात हलवा. वर फेस आणि खाली पाणी स्वच्छ राहिले तर पाणी मृदू. फेस जेमतेम आणि पाणी दह्याच्या निवळीसारखे गढूळ झाले तर जड. बाथरूममधल्या शॉवरची भोके आणि नळाची जाळी पाहा. पांढरा खरखरीत थर असेल तर गिझरच्या आतही तोच बसला आहे.

जड पाण्याचे घर घ्यायचेच नाही असे नाही, पण तयारीने घ्या. गिझरचा काटा ७० वर न ठेवता ५० ते ५५ वर ठेवा; पाणी जितके तापते तितका क्षार एलिमेंटवर लवकर बसतो, मग पाणी तापायला वेळ लागतो, वीज जास्त जाते आणि शेवटी एलिमेंट जळते. वर्षातून एकदा गिझर उघडून साफ करून घ्या आणि त्याच वेळी आतला मॅग्नेशियमचा रॉड झिजला असेल तर बदला. वॉशिंग मशीनमध्ये दोन-तीन महिन्यांतून एकदा १०० ग्रॅम सायट्रिक ॲसिड टाकून कपड्यांविना गरम पाण्याचा फेरा चालवा. त्यात ब्लीच मुळीच मिसळू नका, विषारी वायू निघतो.

राहिला आरओ, म्हणजे पाण्यातले क्षार काढणारा फिल्टर. पालिकेचे धरणाचे पाणीच प्यायला येत असेल तर आरओ घेऊ नका. तो बरेचसे पाणी मोरीत सोडतो आणि टंचाईच्या गावात ते परवडत नाही, जंतू मारणारा यूव्ही फिल्टर पुरतो. पिण्याच्या नळाला बोअर किंवा टँकरचे पाणी मिसळत असेल तर टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण, मोजा. भारतीय मानकात ५०० मिलीग्रॅम प्रतिलिटरपर्यंत पाणी चांगले धरतात. टँकरचा आकडा मात्र रोज बदलतो, एकदा मोजून निर्धास्त होऊ नका.

फ्रिज, फ्रंट लोडिंग वॉशिंग मशीन, इन्व्हर्टर, फणसाच्या लाकडाचा पलंग, प्लायची कपाटे आणि आईने दिलेले सुके बोंबील. काय न्यावे, कसे न्यावे?
– एक वाचक, मालवण

वॉशिंग मशीनपासून सुरुवात करा, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिचे होते. फ्रंट लोडिंग मशीनच्या मागच्या बाजूला ड्रम जखडण्यासाठी तीन किंवा चार लांब ट्रान्झिट बोल्ट असतात. नवे मशीन बसवताना तंत्रज्ञ ते काढून देतो आणि आपण ते ड्रॉवरमध्ये टाकून विसरतो. ते शोधा, नसतील तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून त्याच मॉडेलचे मागवा. बोल्टांविना मशीन घाटातल्या वळणांवरून गेले की ड्रम आतल्या आत आपटतो, स्प्रिंगा आणि शॉक ॲब्सॉर्बर जातात आणि नव्या घरी पहिल्याच स्पिनला मशीन बाथरूमभर नाचते. उलट चूकही होते: पोहोचल्यावर बोल्ट न काढता मशीन सुरू करणे. खालच्या फिल्टरमधले पाणी काढून टाका, म्हणजे गाद्या भिजणार नाहीत.

फ्रिज आदल्या दिवशी बंद करून कोरडा करा आणि उभाच न्या. उतरवल्यावर दोन-तीन तास तसाच ठेवून मग चालू करा. वाटेत आडवा झाला असेल तर पूर्ण दिवस थांबा. कॉम्प्रेसरमधले तेल परत जागेवर यायला तेवढा वेळ लागतो. इन्व्हर्टरची बॅटरी उभीच, वायरी सोडवून आणि झाकणे घट्ट लावून. ती कपड्यांच्या गठ्ठ्याशेजारी ठेवू नका, ॲसिडचा एक थेंब पुरतो.

फणसाचा पलंग जरूर न्या. घाटावरच्या पहिल्या उन्हाळ्यात लाकूड आकसते, सांधे करकरतात, बारीक चिरा पडतात. त्या लगेच बुजवू नका, पावसाळ्यात काही आपोआप मिटतात. ऑक्टोबरात काय उरले ते पाहून सुताराला बोलवा. प्लाय किंवा भुशाच्या बोर्डची कपाटे मात्र तिथेच विका. खाऱ्या दमट हवेत स्क्रूची भोके फुगलेली असतात, एकदा सोडवली की परत पकड घेत नाहीत. एसी नेण्याआधी बाहेरच्या युनिटची जाळी हाताने चाचपून पाहा. पत्र्याच्या बारीक पट्ट्या बोटाला लागताच चुरा होत असतील तर उतरवणे-चढवणे यांचा खर्च वाया जाईल.

भरलेला सिलिंडर ट्रकमध्ये टाकू नका. एजन्सीत सिलिंडर आणि रेग्युलेटर परत करून टर्मिनेशन व्हाउचर, म्हणजे जोडणी बंद केल्याचा कागद, घ्या. अनामत परत मिळते, नव्या गावी चालू दराने पुन्हा भरावी लागते. नव्या घरात पाइपचा गॅस असेल तर शेगडीचे जेट बदलून घ्या. सिलिंडरच्या गॅसचे जेट बारीक असतात, त्यांवर पाइपच्या गॅसची ज्योत मिणमिणती राहते.

बोंबील दोन कडक उन्हे दाखवून, पूर्ण गार झाल्यावर स्टीलच्या डब्यात भरा, झाकणाला चिकटपट्टी लावा आणि डबा आपल्या गाडीत न्या. लोणच्याच्या बरण्याही. ट्रकमध्ये तेल पाझरले तर अख्खी गादी जाते.

मुलीची शाळा दाखला द्यायला टाळाटाळ करते आणि नवी शाळा दाखल्याशिवाय घेत नाही.
– एक पालक, अलिबाग

शिक्षणहक्क कायदा, २००९ चे कलम ५ वाचून दाखवा. पहिली ते आठवीच्या मुलाला सरकारी, पालिकेच्या किंवा अनुदानित शाळेत बदली मागण्याचा हक्क आहे, मुख्याध्यापकांनी दाखला ताबडतोब द्यायचा असतो आणि दाखल्याला उशीर झाला म्हणून नवी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. विनाअनुदानित खासगी शाळेत जाणार असाल तर हा हक्क लागू नाही, तिथे तिचेच नियम चालतात. लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

दाखला हातात पडल्यावर शाळेच्या दारातच वाचा. नाव, आईचे नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ, जात-पोटजात. मूल शाळेत असेपर्यंत दुरुस्ती मुख्याध्यापकांकडे होते. शाळा सोडल्यावर ती शिक्षणाधिकाऱ्यांपर्यंत जाते आणि मग रजा काढून अलिबागला खेपा.

दोन वर्षांच्या मुलाचा घोळणा सारखा फुटतो. लसींचे कार्ड कोकणातले आहे.
– एक आई, रावेत

कोरड्या हवेने नाकातली त्वचा तडकते आणि बोट गेले की रक्त येते. मुलाला मांडीवर बसवून डोके किंचित पुढे झुकवा आणि नाकाचा मऊ भाग सलग दहा मिनिटे चिमटीत धरा, मध्ये सोडून बघू नका. आपल्याकडे डोके मागे टाकून कांदा हुंगवतात. तसे करू नका, रक्त घशात उतरते आणि मूल ओकते. रात्री नाकपुडीच्या कडेला पेट्रोलियम जेलीचे बोट आणि डॉक्टरांना विचारून सलाइनचे थेंब. अर्ध्या तासात थांबले नाही, वारंवार होऊ लागले किंवा अंगावर निळे डागही दिसले तर डॉक्टरांना दाखवा.

कार्ड राज्यभर तेच चालते, पालिकेच्या दवाखान्यात लसी मोफत. १६ ते २४ महिन्यांत गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि त्रिगुणीचा पहिला बूस्टर असतो. घर बदलण्याच्या धांदलीत नेमके हेच राहतात, म्हणून कार्ड आजच काढून बघा. अंगणवाडीतली नोंद नव्या अंगणवाडीत वळवता येते.

गावच्या घराला कुलूप लागणार. आंब्याची कलमे आहेत. काय काळजी घ्यावी?
– एक वाचक, राजापूर

घरात कपाटांची दारे किलकिली, फ्रिज उघडा, गाद्या भिंतीला टेकवून न ठेवता खाटेवर उभ्या. लाकडी सामान भिंतीपासून वीतभर दूर ठेवा, वाळवी आली तर दिसते तरी. मे महिन्यात कौले चाळून घ्या आणि पावसाळ्यात महिन्यातून एकदा खिडक्या उघडणारे माणूस पैसे देऊन ठेवा. फुकटचा शब्द पावसात टिकत नाही. मेन स्विच बंद करा, पण वीज कायमची तोडू नका, पुन्हा घ्यायला त्रास पडतो. घरपट्टी वेळेवर भरा.

कलमांचे फळ दुसऱ्या कोणाला विकत देणार असाल तर कागद कराच. त्यात ‘अमुक हंगामाचे फळ विकले’ असे लिहा, वर्ष घाला आणि जमिनीचा ताबा दिलेला नाही हे स्पष्ट नोंदवा. तोंडी व्यवहार वर्षानुवर्षे चालला की कुळाचा, म्हणजे कसणाऱ्याच्या हक्काचा, वाद उभा राहू शकतो. फवारणी कोणी करायची आणि मोडलेल्या फांदीची भरपाई कोणी द्यायची, हेही त्याच कागदावर घ्या, आणि सातबारा दरवर्षी एकदा ऑनलाइन काढून पीकपाहणीचा रकाना बघत जा.